ज्येष्ठमधाची पुडी

आमच्या डेपोत पित्त नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपातले फिटर, खिडकीत बसलेला कंट्रोलर, सगळ्यांच्या एका हातात चहाचा ग्लास आणि दुसरा हात छातीवर. पहाटेची गाडी असली की उपाशीपोटी चहा, मग आणखी चहा. दुपारी डबा उघडायला वेळ मिळाला तर मिळाला, नाहीतर स्टँडवरचा वडापाव. आणि रात्री घरी पोचलं की ताटभर भात ओरपायचा आणि तसंच आडवं व्हायचं. आम्हा बायकांचं त्याहून वाईट. रूटवर कुठे धड मोरी नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. मग घशाशी आंबट येतं, छातीत आग पडते, आणि आपण म्हणतो उन्हाचं असेल. कंटाळा येतो हो या सगळ्याचा. नोकरीचा येत नाही इतका या जळजळीचा येतो.

या सगळ्यांचे पुढारी म्हणजे आमचे मामा. माझे कुणी सख्खे मामा नव्हेत. मी शहापूरकडची. बदली होऊन मुरबाडला आले आणि धसईकडच्या गाडीवर ज्या ड्रायव्हरबरोबर माझी ड्युटी लागली, ते हे. अख्खा डेपो त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. उंच, वाळलेला माणूस, मिशी पांढरी आणि भुवया मात्र काळ्याकुट्ट. सगळ्यात नवलाची त्यांची पँट. खाकी पँटीला पट्टा नाही, खांद्यांवरून पँट धरून ठेवणारे, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले गॅलिस! पट्टा आवळला की पोट दाबतं आणि पोट दाबलं की खालचं वर येतं, हा त्यांचा सिद्धान्त. नव्या साहेबानं पहिल्याच दिवशी गणवेशावरून हटकलं, तर मामांनी त्यालाच पट्टा एक भोक सैल करायला लावला. साहेबाला बरं वाटलं असावं, कारण गॅलिसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गाडीवर चढले त्या दिवशी माझी तिकिटं फाडून झाली, मी पुढे येऊन बसले आणि मला एक ढेकर आली. साधी ढेकर. मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"वॉशर गेलाय तुझा," ते म्हणाले.

"काय?"

"वॉशर, वॉशर. अन्नाची नळी नि पोट यांच्यामधी एक वॉशर असतो. तो ढिला झाला का आंबट वर येतं. आंबट ढेकर नि कोरडी ढेकर मला आवाजावरनं कळते. तुझी आंबट."

ओळख नाही, पाळख नाही, आणि भरलेल्या गाडीत माझी ढेकर जाहीर! पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला असा राग आला म्हणता, वाटलं, परत शहापूरला बदली मागावी. पण मागून कुठे मिळते.

मामांचं बोलणं म्हणजे एकाच दिशेनं जाणारा रस्ता. ते सांगणार, तुम्ही ऐकणार. मध्ये काही बोलायला गेलात तर गियर बदलल्याच्या आवाजात ते विरून जायचं. जेवल्यावर बसायचं नाही, हा पहिला कायदा. धसईला गाडी थांबली, आमचे डबे झाले, की मामा गाडीभोवती चकरा मारायचे आणि मला मारायला लावायचे. कुणी ड्रायव्हर मागच्या लांब बाकावर जरा कलंडला, की खिडकीच्या पत्र्यावर थाप. "उठ! भरल्या पोटी झोपतोस? झाकण उघडं ठेवून बाटली आडवी करतोस का कधी?" तो बिचारा पहाटेपासून स्टिअरिंग ओढून आलेला. शिव्या घालत उठायचा, पण उठायचा.

मुक्कामी गाडी असली की मामा गाडीच्या चाकांना लावायचे लाकडी ठोकळे काढून आणायचे आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सरकवायचे. छाती पोटापेक्षा उंच राहिली पाहिजे म्हणून. त्यांच्याबरोबर मुक्कामाला गेलेले कंडक्टर सांगायचे, रात्रभर माणूस घसरत घसरत पायथ्याशी जमा होतो. एक जण म्हणाला, "मामा, पित्त खाली राहिलं खरं, पण मीपण खालीच राहिलो." मामा हसले नाहीत. या विषयावर ते कधीच हसत नसत.

आणि मोबाइलवरचे उपाय घेऊन येणाऱ्यांची तर ते अशी काही खबर घ्यायचे! कुणी म्हणे पुदिन्याचा रस प्या, कुणी म्हणे लिंबू-सोडा मारा. पुदिना पोटाला थंड वाटतो, पण वॉशर त्यानं जास्त ढिला होतो, असं मामांचं म्हणणं. सोड्याबद्दल तर बोलायचीच सोय नव्हती. "भसकन ढेकर येते नि तुला वाटतं मोकळा झालो. घंट्यानं बघ आग दुप्पट. त्यात मीठ असतं सोड्यात, बीपीवाल्यानं तर हात लावायचा नाय." हे त्यांना ठाऊक होतं. बीपीवाल्यानं काय करायचं नाही, हे मामांना ठाऊक होतं, ही गोष्ट मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

आता पुडी. ड्रायव्हरच्या सीटमागे एक कापडी पिशवी टांगलेली असायची, आणि तिच्यात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या ज्येष्ठमधाच्या पुड्या. ज्येष्ठमध म्हणजे ते गोड लागणारं मूळ हो. लहान पोराला खोकला झाला की आपण उगाळून चाटवतो, गाणारे लोक चघळतात, ते. मामा काष्ठौषधीच्या दुकानातून त्याच्या काड्या आणायचे, सुट्टीच्या दिवशी लोखंडी खलबत्त्यात कुटायचे आणि धोतराच्या मऊ फडक्यातून वस्त्रगाळ करायचे. रोज सकाळी आणि संध्याकाळी चमचाभर, कोमट पाण्यातून. स्वतः ते दिवसातून तीनदा, कधी चारदा घ्यायचे. कितीतरी वर्षं घेत होते. म्हणायचे, तरुणपणी छातीतल्या आगीनं रात्र रात्र बसून काढल्यात मी, या मुळानं मला झोप दिली.

पुडीचे पैसे कधी घेतले नाहीत. कुणी देऊ केले तर चिडायचे. वाटेतल्या थांब्यावर गाडी उभी राहिली की खिडकीतून हात बाहेर, पुडी खालच्या माणसाच्या हातात, "घे, बरं वाटेल," आणि गाडी चालू. धसईच्या बाजाराला भाजी घेऊन येणाऱ्या बायका, शाळेतले मास्तर, डोंगरातल्या वाड्यांवरून मध आणि कंद विकायला उतरणारी माणसं, निम्मा रूट मामांच्या पुडीवर होता.

मलाही उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. पण पुडीनं झाला की चकरांनी झाला, देव जाणे. त्यांनी माझा उपाशीपोटीचा चहा बंद केला. आधी दोन घास पेज नाहीतर भाकरी, मग चहा. पाण्याची बाटली जबरदस्तीनं दिली आणि वाटेतल्या एका ओळखीच्या घरी मोरीची सोय करून दिली, तीही स्वतः जाऊन बोलून. त्या घरची बाई मला अजून हाक मारते. असा माणूस. चिडावं की पाया पडावं, कळायचं नाही.

वेडा म्हणावा तर तसाही नव्हता. एकदा एक गृहस्थ नेहमीच्या थांब्यावर पुडी मागायला आले. मामांनी हात पिशवीकडे नेला आणि थांबले. त्या माणसाचा शर्ट अंगावर लोंबत होता.

"वजन उतरलं काय तुमचं?"

"जरा उतरलंय. जेवण जात नाय ना."

"जात नाय म्हंजे भूक नाय, का घास अडकतो?"

"अडकतो. पाणी प्यायलो का उतरतो."

मामांनी पिशवी बंद केली. "तुमाला पुडी नाय. आज डॉक्टरकडं जायचं. उद्या नाय, आज." आणि त्यांना गाडीत घेतलं, मुरबाडला सरकारी दवाखान्याच्या दारात उतरवलं. नंतर मला म्हणाले, घास अडकतो, वजन उतरतं, शौचाला काळं होतं, नाहीतर उलटीत रक्त दिसतं, तिथे पाल्यामुळ्यांचं काम नाही. त्यांचा एक जुना जोडीदार काढे पीत बसला होता म्हणे, आणि दवाखान्यात गेला तेव्हा फार उशीर झाला होता. ते सांगताना मामांचा आवाज बारीक झाला होता. मी कधी ऐकला नव्हता तसा.

म्हणजे बघा. एवढं कळत असलेला माणूस.

मामांना ब्लडप्रेशर होतं. गोळी ते कधी चुकवत नसत, कारण ड्रायव्हरची मेडिकल असते. आकडा चढलेला निघाला की माणूस स्टिअरिंगवरून खाली. आणि स्टिअरिंगवरून उतरलेल्या ड्रायव्हरचं डेपोत काय होतं हे आम्ही रोज बघतो. झाडाखाली बसतो, आल्यागेल्याला जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगतो आणि कुणी ऐकत नाही. मामांना मरणाची भीती नव्हती, या झाडाची होती. हे त्यांनीच मला सांगितलेलं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा आकडा उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी दिली, लघवीला जास्त होणारी, ती पाण्याची गोळी म्हणतात ना, ती. गोळ्यांनी छातीत जळतं, असं मामांचं मत झालं. मग त्यांनी पुडी वाढवली. आकडा आणखी चढला. गोळी वाढली. पुडी वाढली. असं ते चालू राहिलं. आम्हाला वाटलं, वय झालं, काळजी करतात मेडिकलची, दुसरं काय. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, पायात जोर वाटेना. मामा म्हणायचे, थंडीनं असेल.

त्यांच्या थोरल्या बहिणीलाही ते पुडी द्यायचे. हे सांगायला हवं, कारण पुढे सगळं तिच्यावरच येतं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत ती राहायची. नवरा नाही, मूल नाही, चार वाफे भात आणि दोन शेळ्या. मामा तिला बाय म्हणायचे. आईमागे तिनंच वाढवलेलं त्यांना. तिलाही ब्लडप्रेशर, तिलाही पित्त. आठवड्याला एकदा आमची ड्युटी तिकडच्या गाडीवर लागायची तेव्हा बाय फाट्यावर येऊन उभी असायची आणि मामा तिच्या हातात आठवड्याच्या पुड्या ठेवायचे. बाकी जगाला वर्तमानपत्राचा कागद, बायला मात्र कॅलेंडरचा गुळगुळीत.

धसईच्या बाजाराचा दिवस होता. गाडी खच्चून भरलेली, टपावर टोपल्या. उतार लागला. मी पुढे, इंजिनाजवळ, सुट्ट्या पैशांवरून एकाशी हुज्जत घालत उभी. सहज खाली नजर गेली आणि मला दिसलं, मामांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढला, स्वतःच्या मांडीखाली घातला आणि उजवा पाय उचलून ब्रेकवर ठेवला. पाय हातानं उचलून. जसं आपण पोतं सरकवतो तसं. मग वरून हातानं गुडघा दाबला. गाडी हळू झाली. उतार संपला.

 मी घंटीची दोरी ओढली.

आमच्याकडे घंटीचा नियम साधा आहे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंडक्टरनं एक दिली की ड्रायव्हरनं थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही, आणि दोन मिळेपर्यंत हलायचं नाही. नव्या पोरांचं मला माहीत नाही, पण मामांनी उभ्या नोकरीत घंटी मोडली नव्हती. गाडी त्यांनी हँडब्रेक ओढून बाजूला लावली.

"कोण उतरतो?" मागे न बघता त्यांनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हटलं.

"काय?"

"पाय दाखवा, मामा. उचलून दाखवा. हात न लावता."

 गाडीत आरडाओरडा. बाजाराची माणसं, भाज्या कोमेजत होत्या. "बाई, घंटी द्या ना!" "काय नाटक लावलंय गो हिनं!" मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"बाई, डबल दे. धसई आलीच आहे. हळू नेतो."

"नाही देणार."

"मेडिकल आहे गो माझी पुढच्या महिन्यात. आज रिपोर्टात लिहिलंस तर मी संपलो."

"आणि ही माणसं?"

मामांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग किल्ली काढून माझ्या हातात दिली. ती किल्ली घेताना मला कसं झालं ते सांगता येत नाही. कुणाच्या हातून काही हिसकावून घेतल्यासारखं. माणसं मागून आलेल्या जीपांतून पुढे गेली, जाताना मला बोल लावून गेली, आणि मी डेपोला फोन करून मामांना एका जीपमध्ये बसवून मुरबाडला आणलं. त्यांना धरून चढवावं लागलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. आमच्यासारखीच दमलेली, टेबलावर अर्धा राहिलेला चहा. तिनं प्रेशर पाहिलं, कपाळाला आठी घातली, छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, ती बघून आणखी आठी घातली.

"काका, औषधं कोणती घेता?"

मामांनी गोळ्यांची नावं घडाघडा सांगितली. एकही विसरले नाहीत.

"आणखी काही? काढा, चूर्ण, आयुर्वेदिक?"

"नाय."

मी चमकून बघितलं. खोटं बोलत नव्हते हो ते. चेहरा सरळ होता. मी म्हटलं, "मामा, पुडी?"

"ते काय औषध आहे?" मामा माझ्यावरच डाफरले. "मूळ आहे ते. गोड मूळ. पोरं खातात."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. "कसलं मूळ?"

"ज्येष्ठमध."

"रोज?"

"रोज. तीन-चार टाइम."

"किती दिवस?"

"दिवस कसले, वर्षं झाली."

तिनं पेन खाली ठेवलं. रक्त तपासायला पाठवलं आणि ते आल्यावर मामांची रवानगी लगेच मोठ्या दवाखान्यात झाली. रक्तातलं पोटॅशियम नावाचं काहीतरी फार खाली गेलं होतं. ते खाली गेलं की स्नायूंतला जोर जातो, आणि हृदयही एक स्नायूच आहे, असं ती म्हणाली. आज पाय गेला, उद्या ठोका चुकला असता.

"ज्येष्ठमध वाईट नाही, काका," गाडीत चढवताना ती म्हणाली. "पण तेही औषधच आहे. थोडं, थोडे दिवस, आणि प्रेशर नसलेल्याला, तर चालतंय. तुम्ही प्रेशरवाले. ते मूळ प्रेशर वाढवतं आणि पोटॅशियम पळवतं. वरून तुमची पाण्याची गोळी, तीही तेच पळवते. कुणी बीपीची गोळी घेत असेल, पोटुशी असेल, किडनीचा त्रास असेल, त्यानं विचारल्याशिवाय असलं काही रोज खायचं नाही. आणि डॉक्टरनं काय घेता विचारलं की पाल्यामुळ्यासकट सगळं सांगायचं. कळलं?"

मामांना काय कळलं मला माहीत नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ते एकच शब्द बोलले.

"बाय."

मलाही मग लख्ख डोळ्यांपुढे आलं. तीच पुडी, तेच प्रेशर, आणि वय मामांपेक्षा जास्त. वाडीवर मोबाइलला रेंज नाही. एकटी बाई. तिचे पाय गेले असते, ठोका चुकला असता, तर शेळ्या ओरडेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. मामांनी माझं मनगट धरलं. "गाडी जाते ना गो तिकडं उद्या? निरोप दे. पुडी फेकून दे म्हणावं. नाय, तू स्वतः जा. तिला उठता येतंय का बघ."

दुसऱ्या दिवशी मी ड्युटी बदलून घेऊन दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर त्या रूटवर गेले. फाट्यावर बाय नव्हती. ठरलेला दिवस नव्हता म्हणून नसेल, असं मनाला समजावलं. गाडी सोडून वाडीत जाता येईना. एक मोळीवाली बाई उतरली तिच्याजवळ निरोप दिला, पुडी फेकून दे आणि मामा मोठ्या दवाखान्यात आहेत, असा, आणि चार वेळा म्हणवून घेतला. दिवसभर तिकिटं फाडली, पण कुणाला कुठलं दिलं, देव जाणे.

मामा आता स्टिअरिंगवर नाहीत, हे सांगून टाकते. पायात जोर आला, महिन्याभरात चांगले चालायला लागले. आकडाही पुष्कळ उतरला, नुसती पुडी बंद केली म्हणून. पण तोवर निवृत्ती तोंडाशी आली होती आणि साहेबानं त्यांना डेपोतच बसतं काम दिलं. छातीतली जळजळ परत आली. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी दिली, रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं थोडं करायला सांगितलं, आणि खाटेखालच्या ठोकळ्यांचं ऐकून म्हणाले, हे मात्र तुम्ही अगदी बरोबर करत होता. मामांना त्याचा आनंद झाला नाही. ज्याला ज्याला पुडी दिली होती त्याला त्याला निरोप धाडायचं काम त्यांनी माझ्याकडे लावलं. बीपी आहे का, गोळी चालू आहे का, असेल तर आज बंद. प्रत्येक थांब्यावर मी हेच ओरडत होते. काही जणांनी ऐकलं. काही म्हणाले, अगो, मामांनीच दिलीय, मामांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मी थकले सांगून सांगून. आपल्या माणसांना एकदा एखादी गोष्ट गुणाची वाटली की ती सोडवणं काय असतं, ते मला विचारा.

पण वॉर्डातला तो दिवस राहिला सांगायचा. निरोप दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ड्युटी सुटल्यावर मी मामांना भेटायला गेले. हाताला सलाईन, डोळे दाराकडे. मला बघितल्याबरोबर, "भेटली?" मी नाही म्हटलं. ते छताकडे बघायला लागले.  मी खाटेच्या पायथ्याला बसून राहिले.

आणि थोड्या वेळानं दारातून बाय आत आली. स्वतःच्या पायांनी. डोक्यावर पदर, हातात पेजेची किटली, वाडीवरून दोन गाड्या बदलून आलेली. दारातच थांबली, कुठली खाट ते शोधलं, आणि ताडताड चालत आली.

मामा उठून बसायला धडपडले. "बाय! पुडी खाल्लीस काय आज? काल खाल्लीस?"

"नाय रे." तिनं किटली खाली ठेवली. "भातलावणीपासनं बंद केलीय मी."

 बाय खाटेवर टेकली, त्यांचा सलाईनचा हात जरा बाजूला करून.

"पाय सुजायचं माझं. चप्पल चढत नवती. सकाळी डोका असा जड व्हायचा, का उठवत नवता. मंग आमच्या वाडीवर ती नर्स येते ना, ती बोलली, काय खाल्लास ते सांग. मी पुडी दाखवली. ती बोलली आजपासनं बंद. बंद केली, सूज उतरली."

"नि मला बोलली नायस?" मामांचा आवाज चढला. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. "पुड्या घेत होतीस ना माझ्या हातनं! दर आठवड्याला घेत होतीस! मला बोलायचंस का नाय? मी खात होतो गो ती. रोज खात होतो!"

 बायनं आवाज चढवला नाही.

"कवा बोलू रे? तुजी गाडी यायची. तू पुडी द्यायचास, बरी हाय ना बोलायचास, नि गाडी सोडायचास. मी तोंड उघडंपर्यंत तू वळणावर."

"मग ओरडायचंस!"

"ओरडले ना," बाय म्हणाली. "गाडीच्या मागं धावले, ओरडले, खाऊ नको, खाऊ नको. तू आरशात बघितलास नि हात हालवलास."